रोज त्याच हाताला

तिने पट्टा ताईंच्या डाव्या दंडाभोवती गुंडाळला, नीट दाबून बसवला आणि म्हणाली, "आता बोलू नका."

ताई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. एक गाल सुजलेला, तरी सांगणं चालूच होतं. दाताच्या डॉक्टरने खुर्चीत आडवं केलं, दिवा तोंडावर ओढला, आणि सुई टोचण्याआधी म्हणून प्रेशर पाहिलं तर त्याचा चेहराच बदलला. थोडं थांबून त्याने पुन्हा पाहिलं. मग हातमोजे काढून ठेवले. दाढेचं नंतर बघू, म्हणाला, आधी मोठ्या डॉक्टरांकडे जा, आणि उद्यावर टाकू नका.

मशीन घरघरलं. पट्टा फुगला, हळूहळू सैल झाला. तिने पडदा ताईंकडे वळवला. वरचा आकडा ब्याण्णव, खालचा साठ.

"बघा. काल नव्वद होतं, आज ब्याण्णव. तुम्ही घाबरलात, एवढंच. दवाखान्यात गेलं की भल्याभल्यांचं वाढतं."

"घाबरले तर होतेच," ताई म्हणाल्या. "त्याच्या हातात पक्कड होती."

दोघी हसल्या. तिने पट्टा सोडून गुंडाळून ठेवला आणि रोजच्यासारखं लिंबाच्या पाण्यात मीठ-साखर घालून पेला ताईंच्या पुढे सरकवला. मीठ जरा सढळ हाताने. प्रेशर कमी असणाऱ्याला ते लागतंच.

ताई म्हणजे तिच्या नवऱ्याची मोठी बहीण. घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचं पार्लर होतं, एक आरसा, दोन खुर्च्या, केस धुवायचं एक बेसिन. लग्नाच्या भानगडीत पडायला वेळच मिळाला नाही, असं त्या गिऱ्हाइकांना सांगत. धाकट्या भावाचं शिक्षण याच दोन खुर्च्यांवर झालं होतं. हे मात्र त्या कधी कुणाला सांगत नसत.

मशीन घरात आलं ते छोटीमुळे, तिच्या मुलीमुळे. वर्षाची असताना तापात तिला आकडी आली होती. मुलगी डोळे फिरवून ताठ झालेली आणि आपण नुसत्या बघत उभ्या, हे तिच्या मनातून जाईना. मग थर्मामीटर आला, बोटाला लावायचा चिमटा आला, नेब्युलायझर आला, आणि सगळ्यात शेवटी हे. छोटी बरी झाली, धावायला लागली. उपकरणं मात्र काम मागत राहिली. नवरा हाती लागत नसे. ताई लागत.

"आली बाई आमची मीटरबाई," जिन्यात पावलं वाजली की ताई खालून म्हणायच्या, आणि खुर्चीतल्या बाईला समजावायच्या, "रोज परीक्षा असते माझी."

तिची मोजायची पद्धत पक्की होती. कॉलेजात संख्याशास्त्र घेतलं होतं; परिस्थिती बदलली की आकड्यांची तुलना करता येत नाही, हे पहिल्या वर्षाला शिकलेलं. म्हणून दुपारी, गिऱ्हाइकाच्या केसांत रंग मुरत असतो त्या वेळात. त्याच खुर्चीत. त्याच हाताला. उजवा हात मनगटापर्यंत रंगाने माखलेला असायचा, त्यामुळे पहिल्या दिवशी ताईंनी डावा पुढे केला आणि तोच ठरून गेला. क्वचित मशीन डाव्या हाताला काहीच दाखवायचं नाही, नुसती चुकीची खूण यायची. तेव्हा ती सेल बदलायची आणि पुन्हा लावायची. आकडा यायचा. नव्वद, अठ्ठ्याऐंशी, पंच्याण्णव.

काही दिवसांनी ताई दुसऱ्या एका दाताच्या दवाखान्यातून दाढ काढून आल्या. तिथे काही अडलं नाही, म्हणाल्या. रक्त मात्र थांबता थांबेना. दुसऱ्या दिवशीही उशीच्या अभ्र्यावर डाग होते. दाढच तशी खोलवर होती, असं ठरलं.

सगळ्याचंच असं काही ना काही ठरत होतं. ड्रायर धरला की डावा हात भरून यायचा. केस कापणाऱ्यांचे खांदे जातातच. डाव्या हाताची बोटं गार पडायची, गिऱ्हाइकाच्या मानेला लागली की बाई किंचाळायची आणि ताई म्हणायच्या, "वेगळे पैसे न घेता बर्फाचा मसाज." वरच्या फळीवरची बाटली काढायला मान वर केली की अंधारी यायची, जेवणाच्या वेळा पाळायला नकोत का? चष्म्याचा नंबर बदलला, मग पुन्हा बदलला, वय होतंय. पस्तिशीच्या आतल्या बाईचं कसलं वय, असं कुणी विचारलं नाही. अंग कणकणायचं, मानेला एका बाजूला हात लागू द्यायच्या नाहीत. आणि वजन उतरत होतं, त्याचं तर कौतुकच होत होतं. काय करता हो, आम्हालाही सांगा, असं बायका विचारत. ताई आरशात बघून कंबर थोपटत आणि म्हणत, "भावजय मीठ पाजते."

भाजलं तेव्हा पार्लरमध्ये एक मुलगी बसली होती. तिच्या केसांची बट वर धरलेला ताईंचा डावा हात मध्येच गळाला आणि खाली आला तो स्टँडवर तापत ठेवलेल्या केसांच्या इस्त्रीवर. कोपराच्या वर, आतल्या अंगाला, हातभर नाही पण चांगलं चार बोटं कातडं गेलं. ताई ओरडल्या नाहीत. आधी मुलीचे केस पूर्ण केले, तिला पाठवलं, मग वर आल्या.

दुसऱ्या दिवशी पार्लर बंद होतं. दुपारी ताई वरच्या स्वयंपाकघरात टेबलापाशी बसल्या होत्या. डाव्या दंडावर जाड पट्टी. छोटी शेजारच्या खुर्चीवर गुडघे टेकून रंगीत खडूंची रांग लावत होती. लिंबाच्या पाण्याचा पेला अर्धा झाला होता.

"आज सुट्टी दे मला," ताई म्हणाल्या. "डोकं ठणकतंय. सकाळपासून उजव्या डोळ्यापुढे धुरकट धुरकट दिसतंय."

डोकं ठणकतंय म्हणजे प्रेशर आणखी उतरलं असणार, असं तिच्या मनात आलं. नियम मोडावा लागणार होता. तिला ते आवडलं नाही. तिने पट्टा उचलला, डाव्या हाताकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, आणि टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली. ताईंचा उजवा हात आज प्रथमच स्वच्छ होता.

मशीन सुरू झालं. फुगलं, थांबलं. मग स्वतःशीच काही ठरवल्यासारखं पुन्हा घरघरलं आणि आणखी फुगलं.

"अगं, हात तुटेल माझा."

"हलू नका."

ते तिसऱ्यांदा फुगलं. ताईंची बोटं लालबुंद झाली. मग सावकाश, फारच सावकाश हवा सुटू लागली.

दोनशे चौदा. एकशे अठरा.

तिने मशीन उचलून हलवलं. सेल काढले, कपाटातले नवे घातले. पट्टा स्वतःच्या दंडाला लावला, श्वास रोखून बसली, मग मोजताना श्वास रोखायचा नसतो हे आठवून सोडला. एकशे दहा, सत्तर. मशीन ठीक होतं. तिने पट्टा पुन्हा ताईंच्या उजव्या हाताला लावला. दोनशे अठरा.

"काय झालं? नापास का?" ताईंनी विचारलं.

"दुखेल थोडं," एवढंच ती म्हणाली आणि पट्टा डाव्या हाताला, जखमेच्या पट्टीवरूनच, जमेल तसा सैलसर गुंडाळला. ताईंनी ओठ आवळले. मशीन घरघरलं, थोडं फुगलं, लगेच थांबलं.

अठ्ठ्याऐंशी.

टेबलापाशी एकच माणूस बसलं होतं आणि त्याचे दोन आकडे होते. यातला चुकीचा कोणता, हे ती शोधत राहिली. उजव्या हाताला पट्टा कुठे बसवला, किती घट्ट, हात किती उंचीवर होता, सगळं मनात पुन्हा करून पाहिलं. दोन्ही बरोबर असतील हे तिच्या ध्यानातच येत नव्हतं. आणि मग आलं. दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत ती स्वतः कितीदा तरी बसली होती. डॉक्टरचं स्टूल, सामानाचं ताट, चूळ भरायचं भांडं, कुठे काय असतं ते तिच्या डोळ्यांपुढे आलं. स्टूल उजवीकडे होतं. म्हणजे त्याने उजव्याच हाताला मोजलं होतं.

तिने पेला उचलला आणि सिंकमध्ये ओतला. मग नळ सोडला आणि तो बराच वेळ तसाच वाहू दिला.

"आत्या पास झाली?" छोटीने विचारलं.

"ताई, चप्पल घाला," ती म्हणाली. "आपल्याला जायचंय."

"आत्ता? उद्या एक नवरी यायची आहे माझी. तिला काय सांगू?"

नवऱ्याला तिने फोनवर काय सांगितलं ते तिला पुढे आठवलं नाही. तो म्हणतो, ती एकच वाक्य परत परत म्हणत होती, डावा नाही, उजवा. त्याला वाटलं कुणाचा तरी हात मोडला. छोटीला शेजारी ठेवलं आणि दोघी निघाल्या.

तातडीच्या विभागातल्या तरुण डॉक्टरने आल्या आल्या ताईंचं डावं मनगट धरलं. बोटं ठेवली, जराशी सरकवली, पुन्हा ठेवली. नाडी लागेना. त्याने ताईंच्या तोंडाकडे पाहिलं. ताई त्याला नवरीबद्दल सांगत होत्या. चांगल्या जिवंत होत्या. त्याने मनगट खाली ठेवलं, पलंगाला वळसा घालून उजवं धरलं, आणि कुणालातरी हाक मारली.

आल्या त्या डॉक्टरीणबाई वयाने मोठ्या होत्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यांनी घाई केली नाही. दोन्ही हातांचं आणि दोन्ही पायांचं प्रेशर घेतलं. नळी मानेवर ठेवून ऐकलं, गळ्याच्या हाडाखाली ऐकलं, मग बेंबीच्या बाजूला ठेवून डोळे मिटून पुष्कळ वेळ ऐकलं. पोटात त्या काय ऐकताहेत हे तिला कळेना. ताईंच्या नसेतून औषध सुरू झालं. एकदम खाली आणायचं नाही, हळू आणायचं, असं त्या परिचारिकेला दोनदा बजावत होत्या.

मग प्रश्न सुरू झाले. हात केव्हापासून भरून येतो, वजन किती उतरलं, ताप, सांधे, डोळे. ताई उत्तरं देत होत्या आणि प्रत्येक उत्तराशी ते का होतं हेही सांगत होत्या. खांदे, वय, जेवणाच्या वेळा. डॉक्टरीणबाई नुसत्या मान हलवत होत्या.

"मीठ कसं खाता?"

"चारचौघांसारखंच," ताई म्हणाल्या. फार पटकन म्हणाल्या.

"नाही," ती म्हणाली. "रोज पेलाभर पाण्यातून. मी देत होते. प्रेशर कमी यायचं म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. ते तिला रागापेक्षा अवघड गेलं.

"यापूर्वी कुणी जास्त आहे असं सांगितलं होतं?"

"एका दाताच्या डॉक्टरने," ताई म्हणाल्या. "त्याने दाढ काढायला नकार दिला."

"मग?"

"मग दुसरीकडे काढली."

"त्यांनी प्रेशर न बघता काढली?"

"बघितलं ना." ताईंनी सलाइनची सुई लावलेला उजवा हात जपून पोटावर घेतला. "तोही उजव्याच हाताला लावत होता. मी म्हटलं, ह्याला नको, ह्याला लावा. घरी आमच्या वहिनी ह्याच हाताला मोजतात, बरोबर येतं." त्या तिच्याकडे बघून थोडं हसल्या. "बरोबरच आलं."

तिने पलंगाचा लोखंडी दांडा धरला. तो गार होता. तिने तो सोडला नाही.

रोगाचं नाव दुसऱ्या दिवशी कळलं, स्कॅन झाल्यावर. परदेशी नाव, एका डोळ्यांच्या डॉक्टरांचं. ताईंना ते काही केल्या नीट म्हणता येईना, आणि त्या त्याला "तो टाकाऊ" म्हणू लागल्या. लाखांत एखाददुसरीला होतो, बहुतेक तरुण बायकांना. कशामुळे होतो हे कुणालाच ठाऊक नाही. खाण्यापिण्यामुळे नाही, संसर्गाने नाही. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला आणि तिला पडद्यासमोर बसवलं आणि करड्या चित्रावर पेनची बंद टोपी फिरवत सांगितलं.

अंगात बाहेरच्या रोगांशी लढायला जी फौज असते, ती इथे आपल्याच मोठ्या रक्तवाहिन्यांवर उलटली होती. हृदयातून निघणाऱ्या त्या जाड नळ्यांच्या भिंती आतून सुजत होत्या. भिंत सुजली की वाट अरुंद. मग त्या वाटेच्या टोकाला जे असेल ते उपाशी राहतं. डाव्या हाताची वाट दोऱ्याएवढी उरली होती, म्हणून हात गळायचा, बोटं गार पडायची. मानेतली एक सुजली होती, म्हणून तिथे हात लागला की दुखायचं, वर बघितलं की अंधारी. पोटात एक नळी मूत्रपिंडाकडे जाते, तीही आवळली होती.

"मूत्रपिंडाला वाटतं, अंगात रक्तच कमी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग ते सारखं निरोप पाठवतं, प्रेशर वाढवा, प्रेशर वाढवा. आणि ते वाढतं. डोळ्याच्या पडद्यावर सूज आली ती त्याने. हृदयही जाड व्हायला लागलंय."

"पण घरी तर रोज..." नवरा म्हणाला.

पेनची टोपी डाव्या हाताच्या दोऱ्यावर येऊन थांबली.

"तुम्ही मोजत होतात ते इथे. अडथळ्याच्या पलीकडे. धरणाच्या खाली उभं राहून, पाणी किती थोडं आहे ते."

नवऱ्याने चित्राकडे बघतच तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिथे असावा की नसावा हे तिला ठरवता येईना. खांदा, चष्मा, मान, दाढ, वजन. प्रत्येकासाठी ताईंनी एक वेगळं दार ठोठावलं होतं आणि प्रत्येक दारात काहीतरी उत्तर मिळालं होतं. आत सगळीकडे एकच होतं.

एक मूत्रपिंड आक्रसलंय, ते आता वाढणार नाही, असं त्यांनी सांगितलं. दुसरं चांगलं आहे. फौज शांत करायला स्टेरॉइड सुरू केलंय, सोबत आणखी एक औषध लागेल, बरीच वर्षं लागेल. सूज उतरली की फुगा घालून वाट रुंद करता येईल का ते बघू. डोळ्याचं आज सांगता येत नाही.

"कात्री धरता येईल का त्यांना?" तिने विचारलं.

"आधी दिसू तर दे मला," असं ताई वॉर्डात म्हणाल्या, जेव्हा तिने हा प्रश्न विचारल्याचं त्यांना कळलं.

त्यांचा चेहरा औषधाने गोल होऊ लागला होता. नवरीचं काम दुसऱ्या पार्लरला गेलं, आणि नवरीचा अंबाडा कसा बिघडला असेल याची वर्णनं त्या समोरच्या पलंगावरच्या आजींना ऐकवत होत्या. भेटायला येणाऱ्या बायकांना तर त्या सांगायच्या, आमच्या मीटरबाईने पकडलं, नाहीतर मी गेलेच होते. बायका तिचं तोंडभरून कौतुक करायच्या. पहिल्यांदा ती खरं काय ते सांगायला गेली, तेव्हा ताईंनी चादरीखालून तिला पाय लावला. दुसऱ्यांदा ती उठून पाणी भरायला गेली.

त्या संध्याकाळी परिचारिका बदलली. नवी मुलगी भराभर एकेक पलंग उरकत आली. पलंगाच्या डोक्याशी मोठ्या अक्षरांत पाटी होती, डाव्या हाताला प्रेशर घेऊ नये, पण पाटीवर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता. मुलगी पट्टा उघडत म्हणाली, "हात द्या, मावशी." ताई समोरच्या आजींशी बोलत होत्या. बोलता बोलताच, मान न वळवता, त्यांनी डावा हात पुढे केला. इतक्या सहज, की मुलीने तो घेतलासुद्धा.

ती खुर्चीतून कधी उठली ते तिला कळलं नाही. तिचा हात त्या पट्ट्यावर होता.

"दुसरा, ताई," ती म्हणाली. "दुसरा द्या."

ताईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. तो पट्ट्यात अर्धा गुंडाळलेला होता. त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं आणि त्या जागी जे आलं ते तिने या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा पाहिलं. ताई घाबरल्या होत्या. त्यांनी उजवा हात पुढे केला तो प्रेशरसाठी नव्हताच. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. मुलगी पट्टा हातात घेऊन थांबली. तिला काय झालं ते कळलं नाही, तरी ती थांबली.

आज आकडा किती आला ते इथे सांगण्यात अर्थ नाही. उद्या तो वेगळा असेल. डोळ्याचं अजून कळायचंय.

तुमच्याही घरात असं एक माणूस असेल, ज्याचं सगळं ठीक असतं हे तुम्हाला पाठ आहे. हे वाचून झालं की त्याच्यापाशी जा. हातातलं काम बाजूला ठेवायला लावा. तो काहीतरी विनोद करेल, तो होऊ द्या. आणि त्याने एक हात पुढे केला, की दुसराही मागा.